पहिल्या अर्थापुढची फुली

सकाळी दाराला बाहेरून कुलूप लावत होते, तेव्हा आतून बाबांचा आवाज आला, "खिडकी उघडू का गं?" आणि मी म्हटलं, "नको." बस्, एवढंच. किल्ली फिरवली, कुलूप ओढून बघितलं, पर्स खांद्यावर टाकली आणि जिना उतरले. खाली पोचेपर्यंत मला काही वाटलंसुद्धा नाही. कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा तो "नको" माझ्याच कानात परत वाजला. आवाज माझा होता, पण नकार बाबांचा होता. जरा दाबून म्हटलेला, शेवटी तोडून टाकलेला, पुढे कुणी "का" म्हणायची सोय न ठेवलेला. लहानपणापासून तो मी ऐकत आले होते आणि आज माझ्या तोंडून तो असा सहज पडला की मलाही पत्ता लागला नाही. दिवा हिरवा झाला, मागच्या बाई म्हणाल्या, "चला की हो," आणि मी चालू लागले.

बसमध्ये बसल्यावर कारणं आली. धूळ येते. कबुतरं येतात. बाबा वाकून बघतील, तोल जाईल. कारणांचं काय, बोलावली की येतात. पण ही सगळी मागाहून आलेली. खिडकीला गज आहेत, माणूस पडणार कुठून? आणि धुळीचं म्हणाल तर मी स्वतः रोज संध्याकाळी घरी आले की आधी तीच खिडकी उघडते. मग नको का म्हटलं? कुलूप लावते म्हणून मला कुणी राक्षसीण समजू नये. मागच्या थंडीत बाबा घरातून निघून गेले आणि संध्याकाळी त्यांच्या जुन्या कारखान्याच्या फाटकाशी सापडले. कारखाना केव्हाच बंद पडलाय, आत कमरेएवढं गवत आहे, आणि बाबा फाटकाला पाठ लावून उभे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतायत, "भोंगा झाला. आता आत सोडणार नाही." तिथे ते टाइमकीपर होते. सकाळचा भोंगा झाला की फाटक ओढून घ्यायचं, मग बाहेर राहिला तो राहिला, कुणी का असेना. मालकाच्या जावयालासुद्धा त्यांनी एकदा बाहेर उभं ठेवलं होतं. ती गोष्ट आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकली की त्या जावयाचे बूटसुद्धा मला दिसतात. त्या संध्याकाळी मी त्यांना घ्यायला गेले तेव्हा ते मला म्हणाले, "बाई, उद्या वेळेवर या." घरी आणल्यावर दादाला फोन केला. दादा लांबच्या शहरात असतो. "तूच बघ बाई, तू तिथे आहेस," म्हणाला. सांभाळायला दोन बायका ठेवून बघितल्या. एकीला बाबा घाबरले आणि दुसरी बाबांना कंटाळली. शेजारच्या काकू दुपारी डोकवायच्या, त्या या आठवड्यात लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात. म्हणून कुलूप. झाकून ठेवलेलं ताट, पाण्याचा तांब्या, आणि कुलूप.

मी कोशाच्या कचेरीत काम करते. शब्दांचे अर्थ लिहायचे, आणि छापून आले की तपासायचे. तपासायची आमची रीत जुनी आहे. दोघं समोरासमोर बसतात, एक मोठ्यांदा वाचतो, दुसरा कागदावर बोट ठेवून ऐकतो, आणि वाचणारा विरामचिन्हंसुद्धा वाचतो. माझे जोडीदार हे इतकी वर्षं करतायत की एरवीही ते थांबत थांबतच बोलतात. सगळी कचेरी त्यांना 'स्वल्पविराम' म्हणते. अंगानंही तसेच आहेत, बारीक आणि पुढे वाकलेले. आज आमच्यापुढे जो शब्द होता तो मीच लिहिलेला होता. "सत्ता," ते वाचू लागले, "मूळ, अस् धातू, असणे, त्यापासून सत्, त्यापासून सत्ता. पूर्णविराम. अर्थ एक, असणे, स्वल्पविराम, अस्तित्व, पूर्णविराम. अर्थ दोन, अधिकार, स्वल्पविराम, हुकमत, स्वल्पविराम, सर्वांवर चालणारे सामर्थ्य, पूर्णविराम." तेवढ्यात संपादक मागे येऊन उभे राहिले. त्यांना चपला न वाजवता चालायची सवय आहे. "पहिल्या अर्थापुढे फुली राहिली की," ते म्हणाले. एखादा अर्थ वापरातून गेला की त्याच्यापुढे आम्ही बारीक फुली छापतो. म्हणजे तो मेला. कोशात जागा आहे, लोकांच्या तोंडात नाही.

"पण, साहेब," स्वल्पविराम म्हणाले, "असणं, कसं, मरेल?"

"कोण वापरतं आता? तुम्ही घरी बायकोला सांगता का, माझी सत्ता आहे, म्हणजे मी आहे?"

"घरी मी, काहीच, सांगत नाही."

आम्ही तिघंही हसलो. संपादक हसता हसता माझ्याकडे वळले. "संध्याकाळपर्यंत तुम्हीच काय ते ठरवा. पान जायचंय छापायला." ते गेले. मी पेन्सिल घेतली आणि पहिल्या अर्थापुढे टोक टेकवून बसले. पंखा डोक्यावर कुरकुरत होता आणि कागदांवर ठेवलेले दगड त्याच्या वाऱ्याला दाद देत नव्हते.

असण्यापासून हुकमतीपर्यंत हा शब्द कुठल्या वाटेनं आला याचं पुस्तकी उत्तर मला येतं, विचाराल तर आत्ता देते. पण ते लिहिताना मी मनातल्या मनात आमच्या जुन्या घराचा जिना चढत होते, हे काही मी कोशात लिहिलेलं नाही. संध्याकाळी त्या जिन्यावर बाबांची पावलं वाजायची. दादा रेडिओ बारीक करायचा, मी पुस्तक सरळ धरायची, आई पदर सारखा करून उगाचच भांड्याला हात लावायची. ते दारात येईपर्यंत आम्ही तिघं जे काही होतो ते संपलेलं असायचं. मग ते खुर्चीत बसायचे आणि घर सुरू व्हायचं. ते ओरडत नसत हो. मारत तर कधीच नसत. मारणारा बाप परवडला, त्याच्याबद्दल निदान शेजारपाजारी सांगता येतं. बाबा नुसते असायचे. ते असले की दुसऱ्या कुणाला असायला जागा उरायची नाही, बाकीचे आम्ही आपले नुसते राहत होतो. आणि काही हललेलं दिसलं, पडदा, पाट, दादाची फुटू लागलेली मिशी, की ते विचारायचे, "कुणाला विचारून?" त्याचं उत्तर द्यायचं नसतं हे आम्हाला न शिकवता कळलं होतं. "चुकलं" म्हणायचं असतं. या कचेरीत नोकरी लागल्याचं पत्र मी त्यांच्यापुढे धरलं तेव्हा त्यांनी चष्मा लावला, पत्र वाचलं, पत्राची घडी जशी होती तशी केली आणि म्हणाले, "अर्ज कुणाला विचारून केलास?" मी म्हटलं, "चुकलं." मग दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः मला बसपर्यंत सोडायला यायला लागले. वेळेच्या आधी पोचावं म्हणून.

आई विचारायची. आईचं सगळं आयुष्य विचारण्यात गेलं. भाजी ही करू का, की ती? बहिणीकडे जाऊन येऊ का? दिवा मालवू का? आणि हो आलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही, ती लगेच दुसऱ्यांदा विचारायची, "नक्की ना?" कारण बाबांचा होकार कधी फिरेल याचा नेम नसायचा. दादा आणि मी त्यावरून तिची नक्कल करायचो. साखर घेऊ का, नक्की ना? झोपू का, नक्की ना? तीही हसायची बिचारी. शेवटच्या आजारात तिची खाट खिडकीपाशी लावली होती. हीच खिडकी, त्या वर्षी आम्ही नुकतेच या घरात आलो होतो. उन्हाचे दिवस होते. ती म्हणाली, "जरा उघडायची का?" बाबा खुर्चीत होते. "नको. धूळ येते." तिनं मान हलवली. काचेतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, तिकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी परत म्हणाली, तिसऱ्या दिवशी म्हणाली नाही. मी तिथे होते, दादा तिथे होता, खिडकीची खिटी तिच्या उशापासून हातभर अंतरावर होती आणि आमच्यातल्या कुणाचाही हात तिकडे गेला नाही. ती गेल्यावर आत्या आली, नाकाला पदर लावून तिनं आधी खिडकी ढकलून उघडली आणि म्हणाली, "काय हे, किती कोंदट!" बाबा खिडकीकडे पाठ करून बसून राहिले. रडले की नाही ते मला दिसलं नाही.

आणि आज मी त्याच खिडकीला नको म्हटलं. पेन्सिलचं टोक कागदात रुतलं होतं. मला ते पाहायचं नव्हतं पण ते समोर येऊन बसलं होतं: हे नुसतं सवयीनं आलं, की इतकी वर्षं माझ्यात कुठेतरी दबा धरून बसलं होतं आणि आज संधी साधून बाहेर आलं? पहिल्यांदा बाबांनी विचारलं तो दिवस मला आठवतो. मी चहा गाळत होते. ते दाराशी येऊन उभे राहिले, टॉवेल खांद्यावर, आणि म्हणाले, "मी आंघोळीला जाऊ का?" मला वाटलं थट्टा करतायत. ते थट्टा करत नाहीत. त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे होते, आईचे त्यांच्या तोंडाकडे असायचे तसे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, ते रात्री वाटलं, पण त्या घटकेला छातीत काहीतरी उबदार पसरलं. मी मुद्दाम थोडं थांबले. चहा गाळून झाला, गाळणं धुतलं, आणि मग म्हटलं, "जा." तेव्हापासून ते सगळंच विचारतात. बसू का, उठू का, हे पेन घेऊ का. मी "विचारता कशाला हो" असं एकदाही म्हटलेलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना आधार वाटतो, विचारू दे. डॉक्टरांचं बरंय.

"पान, देताय ना?" स्वल्पविरामांनी विचारलं, आणि तेवढ्यात लाइट गेले. पंखा दोन-चार वळसे घालून थांबला आणि कचेरी एकदम ऐकू यायला लागली, खुर्च्या, खोकले, कुणाचं तरी "झालं!" उन्हाळ्यात दुपारी लाइट जातात त्यात नवल नाही. कागदानं वारा घेत पाचेक मिनिटं आम्ही बसलो. संपादक बाहेरून घाम पुसत आले आणि म्हणाले, सबंध शहराचे गेलेत, मोठं काहीतरी जळलंय, संध्याकाळशिवाय येत नाहीत. सबंध शहराचे. म्हणजे आमच्या घरचेही. माझ्या डोळ्यांपुढे खोली आली. पश्चिमेची भिंत, दुपारनंतर हात लावला तर चटका बसेल अशी, बंद पंखा, बाहेरून कुलूप, आणि बंद खिडकी. ती खिडकी ते आता उघडणार नाहीत, कारण मी नको म्हटलंय. आधीचे बाबा असते तर माझ्या नको म्हणण्याची काय बिशाद! पण आताचे उघडणार नाहीत. खुर्चीत बसून राहतील, घामानं भिजतील, घशाला कोरड पडेल, आणि तांब्यातलं पाणी प्यायचं का हे विचारायला कुणी नसेल. मी फोन लावला. घंटा वाजत राहिली. परत लावला. परत वाजत राहिली. तिसऱ्यांदा लावताना मला आठवलं की फोन वाजला तर उचलायचा नाही, हेसुद्धा मीच सांगितलंय, कुणीतरी फसवेल म्हणून. फोन त्यांच्या हाताशी वाजत असेल आणि ते त्याच्याकडे बघत असतील.

"मी निघते," मी म्हटलं.

"आणि, फुली?"

"तुम्ही ठरवा."

"मी? नको बुवा!" स्वल्पविराम एका दमात म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना न थांबता बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. पान तसंच टेबलावर टाकून मी निघाले.

रस्त्यावरचे सिग्नल बंद होते आणि सगळी वाहनं एकमेकांत तोंड घालून उभी होती. कुणी कुणाला वाट देत नव्हतं. बस अर्ध्या वाटेवर अडकली तशी मी उतरून चालायला लागले. ऊन डोक्यात शिरत होतं. चपलेचा अंगठा ढिला झाला होता, पाय घासटत चालले. मी देवबिव फारसा मानत नाही, पण त्या वाटेवर मी सारखी एकच गोष्ट मागत होते: त्यांनी उघडलेली असू दे. माझं न ऐकता उघडलेली असू दे. एकदा, फक्त एकदा त्यांनी मला जुमानू नये. ते खुर्चीतून उठलेत, खिटी वर केलीय, "ही कोण मला सांगणार" असं पुटपुटलेत, हे मी चालता चालता रचत होते, आणि दुसरीकडे तेच मन मला दुसरी खोली दाखवत होतं: खुर्ची, खाली लोंबणारा हात, काचेतून दिसणारी समोरची भिंत. आईनं बघितलेली. एका घरात तीच भिंत दोघांना दाखवायची? आणि दोन्ही वेळा त्या घरात मी. मला रडू येत होतं आणि मी इतक्या जोरात चालत होते की रडायला श्वास पुरत नव्हता. एका दुकानाच्या पायरीवर बसलेला म्हातारा म्हणाला, "सावकाश जा पोरी, ऊन आहे." मला पोरी म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. मी थांबले नाही.

इमारतीपाशी आले तेव्हा वर बघायचं धैर्य झालं नाही. लिफ्ट बंद. जिना चढले. किल्ली पर्समध्ये सापडेना, मग सापडली तर कुलपात जाईना. दाराला कान लावला. आत काहीच नाही. "बाबा," मी म्हटलं. काही नाही. किल्ली फिरली, कुलूप हातात आलं, दार ढकललं.

खिडकी उघडी होती. दोन्ही दारं सताड उघडी, पडदा फुगून खोलीत आलेला, आणि बाबा गजांना धरून उभे. डोक्यावरचे विरळ केस उडत होते. तांब्या पालथा घातलेला, पाणी पिऊन झालेलं. ताटातलं जेवूनही झालेलं. ते खाली रस्त्यावर काहीतरी बघत होते आणि हसत होते. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. वाटभर जे जे मागितलं ते सगळं माझ्यासमोर होतं. जे मागितलं ते मिळालं, आणि मी दारात उभी राहून, हातात कुलूप, म्हटलं:

"कुणाला विचारून उघडलीत?"

माझं वाक्य खोलीत पडलं आणि मी ते ऐकलं. बाबांचे हात गजांवरून सुटले. ते वळले. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. मला वाटलं आता ते म्हणणार, चुकलं. आमच्या घरात त्या प्रश्नाला तेवढंच उत्तर असतं.

"तुझ्या आईला," ते म्हणाले.

"कुणाला?"

"ती म्हणाली, उघडा. मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, उघडा हो, किती उकडतंय." ते हे असं सांगत होते जसं ती आत्ता आत स्वयंपाकघरात गेलीय. ज्या बाईला त्यांनी जन्मात काही विचारलं नाही, तिला आज विचारलं होतं, आणि तिनं होकार दिला होता. तिनं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, तिचा हक्क होता. मी भिंतीला टेकले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं, मला आई हवी होती.

"पण आता तू आलीस," बाबा म्हणाले, आणि वळून त्यांनी खिडकीचं एक दार ओढून घेतलं. मग दुसरं. पडदा खाली पडला. खोलीतला वारा थांबला. खिटी लावायला त्यांनी हात वर नेला.

"राहू द्या," मी म्हटलं. "बाबा, राहू द्या उघडी."

त्यांचा हात खिटीवर थांबला. त्यांनी मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"नक्की ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. हो म्हटलं तरी ते मीच म्हटलेलं असणार होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. कुलूप अजून माझ्या हातात होतं, घामानं ओलं झालेलं. बाबांना घाई नव्हती. खिटीवर हात ठेवून, मी काय म्हणते याची वाट बघत ते उभे होते.